दगडाचा गडगा, गवताचे घर

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाची दोन ठिकाणे आहेत: एक ठाणे शहरात, घोडबंदर रस्त्यालगत येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, दुसरे डोंबिवलीच्या बाजूस, कल्याण-शीळ रस्त्यावर. दोहोंच्या मध्ये ठाण्याची खाडी आणि पारसिकची डोंगररांग आडवी येते, आणि आज दोन्हीकडे उंच इमारतींनी क्षितिज अडवले आहे. तरी दोहोंच्या पायाखालचा खडक एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर थरावर थर पसरत गेलेल्या लाव्हारसाचा काळा, जड आणि चिवट बेसाल्ट. येऊरच्या उतारावर तो धोंड्यांच्या रूपाने विखुरलेला आहे, ओढ्यांच्या पात्रांत तो गोटे होऊन पडलेला आहे, आणि या टापूतील खाणींमधून गेली कित्येक दशके तो खडी होऊन महानगराच्या काँक्रिटमध्ये जाऊन बसतो आहे. दगडाची इतकी सुबत्ता ज्या मुलखात, त्या मुलखातील शेतकऱ्याने शेतावरची आपली खोप मात्र दगडाची बांधली नाही. ती बांधली कारवीची, बांबूची, गवताची आणि पेंढ्याची. त्याला दगड रचता येत नव्हता म्हणावे, तर त्याच खोपीच्या भोवती, चुन्याचा वा मातीचा एक कणही न घालता त्याने रचलेला गडगा कित्येक पावसाळे उभा असे. दगडाची विद्या हाताशी असून ती घराच्या कामी का आली नाही, हा प्रश्न मला विचार करण्याजोगा वाटतो. कारण जगाच्या दुसऱ्या टोकाला नेमके उलट घडले आहे.

चुना, माती, सिमेंट यांपैकी कशाचाही आधार न घेता केवळ दगडाचे वजन आणि दगडादगडांतील घर्षण यांवर उभ्या राहणाऱ्या रचनेला कोरडे बांधकाम म्हणावे. भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या चुनखडीच्या प्रदेशांत शेतकऱ्यांनी या रीतीने हजारो झोपड्या उभ्या केल्या. इटलीच्या दक्षिणेस पुलिया प्रांतात त्यांना त्रुल्लो म्हणतात, फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये बोरी, क्रोएशियाच्या इस्त्रिया द्वीपकल्पात काझुन. आणि उत्तरेस आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर अशाच घुमटाकार खोल्यांना क्लोखान असे नाव आहे. बहुतेक ठिकाणी उगम एकच. नांगर घालायचा तर आधी जमिनीतले दगड वेचून काढावे लागत. वेचलेल्या दगडांचे ढीग शेताच्या कडेला साचत. ते वाहून न्यायला गाड्या नाहीत आणि न्यायचे तरी कोठे, म्हणून त्यांचेच कुंपण झाले, कुंपण पुरे झाल्यावर उरलेल्यांची अवजारे ठेवण्याची, शेळ्यामेंढ्या कोंडण्याची, सुगीच्या दिवसांत रात्र काढण्याची कोठडी झाली. प्रोव्हान्समधील गोर्द या गावाजवळ अशा बोरींची एक संपूर्ण वस्तीच आहे, आणि 1977 साली फ्रेंच सरकारने तिची ऐतिहासिक स्मारकांत गणना केली. 2018 मध्ये युनेस्कोने कोरड्या दगडकामाची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली, तेव्हा क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्लोव्हेनिया, स्पेन आणि स्वित्झर्लंड असे आठ देश अर्जदार होते. 2024 मध्ये आणखी पाच देश त्यात सामील झाले. भारत त्या यादीत नाही.

या झोपड्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे पुलियातील आल्बेरोबेल्लो गावची, जेथे सोळाशेच्या वर त्रुल्लो आजही उभे आहेत आणि 1996 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. तेथील परंपरागत वृत्तांत आपल्या जुन्या दप्तरांतील एखाद्या प्रकरणासारखा आहे. नेपल्सच्या राज्यात नवी वसाहत करायची तर राजाची मंजुरी लागे आणि तिच्यावर सरकारी पट्टी बसे. कोनव्हेर्सानोच्या सरदार घराण्याला आपल्या जहागिरीत कुळे तर वसवायची होती, पण ही पट्टी भरण्याची इच्छा नव्हती. म्हणून त्यांनी रयतेला ताकीद दिली की घरे चुन्याशिवाय, नुसती दगडावर दगड ठेवून बांधावीत, म्हणजे सरकारी तपासनीस येत असल्याची खबर लागताच छपरे पाडून टाकता येतील आणि पंचनाम्यात दगडांच्या ढिगांखेरीज काही सापडणार नाही. 1797 साली राजा फर्डिनांड चौथा याने गावाला सरदाराच्या अमलातून मुक्त केले, तेव्हा कोठे तेथील लोकांना चुन्याने घर बांधण्याची मोकळीक मिळाली. महसूल चुकवण्याच्या युक्त्या आपल्याकडेही कमी झाल्या नाहीत. पण त्या युक्तीतून वास्तुशिल्पाचा एक प्रकार रूढ झाल्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही.

आता मुळात दगडावर दगड ठेवून छप्पर कसे होते, हे पाहू. भिंत रचणे सोपे, पण डोक्यावरची पोकळी झाकायची तर एकतर लाकडाची तुळई हवी, नाहीतर कमान हवी, आणि कमानीला तिची रचना पुरी होईपर्यंत खालून लाकडी आधार हवा. लाकूडच नसेल तर? त्यावर शेतकऱ्याने शोधलेला उपाय असा की, भिंत विशिष्ट उंचीवर आल्यावर दगडांचा प्रत्येक नवा वळसा खालच्या वळशापेक्षा थोडासा, चार-दोन बोटे, आत सरकवायचा. दगडाचा बराचसा भाग मागे भिंतीत दबलेला ठेवायचा, म्हणजे वरच्या थरांचे वजन त्या मागच्या भागावर पडते आणि आतले टोक खाली झुकत नाही. वळसे गोल असल्यामुळे आत सरकू पाहणारे दगड परस्परांच्या खांद्याला खांदा लावून एकमेकांना अडवतात. अशा रीतीने वर्तुळ लहान लहान होत जाते आणि शेवटी एका शिळेने झाकता येईल एवढेच भोक उरते. दगड बाहेरच्या बाजूस किंचित उतरता ठेवला की पावसाचे पाणी आत न झिरपता बाहेर ओघळते. आपल्या खळ्यावर भाताच्या भाऱ्यांची उडवी रचताना कणसे आत आणि बुडखे बाहेर ठेवून जो वळसा घेतात, त्यातही हीच दृष्टी आहे. फरक इतकाच की उडवी भरीव असते आणि ही रचना पोकळ. या तंत्राचे वय मोठे आहे. ग्रीसमधील मायसीनी येथील, आत्रेउसचा खजिना म्हणून ओळखली जाणारी समाधी ख्रिस्तपूर्व तेराव्या-चौदाव्या शतकांतील. तिचा घुमट याच पद्धतीने सरकत गेलेला असून त्याचा व्यास साडेचौदा मीटर भरतो, आणि पुढे हजाराहून अधिक वर्षे जगात एवढ्या विस्ताराचा घुमट दुसऱ्या कोणी बांधला नाही.

हे तंत्र पाहण्यासाठी मात्र ग्रीसला जाण्याचे कारण नाही. डोंबिवलीहून लोकलने पाऊण तासाच्या आत अंबरनाथ येते, आणि तेथे वालधुनी नदीच्या काठी शिलाहारांनी बांधलेले शिवमंदिर आहे. त्याच्या उत्तर दाराच्या वरील शिलालेखाचा शक प्रथम डॉ. भाऊ दाजी यांनी 782 असा वाचला होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो 982, म्हणजे इसवी सन 1060, असा दुरुस्त केला, आणि त्यामुळे हे मंदिर शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीत नेऊन बसवता आले. बांधकाम काळ्या बेसाल्टचे, घडीव शिळा एकीवर एक बसवलेले, सांध्यात चुना नाही. आपण अशा देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणतो. पण यादवांचा मंत्री हेमाद्री हा तेराव्या शतकातला, अर्थात हे देऊळ त्याच्या आधी दोनशे वर्षे उभे होते, हे लक्षात ठेवले तर हेमाडपंताला जे श्रेय नको ते देण्याचा मोह टळेल. मंडपाच्या मध्यभागी चार नक्षीदार खांबांच्या वर नजर टाकली की शिळांचे वळसे एकात एक लहान होत गेलेले दिसतात. कोरीव कामाने डोळा दिपून जातो म्हणून सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, परंतु नक्षी मनाने पुसून टाकली, तर खाली उरते ती त्रुल्लोच्या छपराचीच रचना: प्रत्येक थर खालच्यापेक्षा आत सरकलेला, लाकडाची तुळई नाही आणि खरी कमानही नाही.

म्हणजे विद्या येथे होती. ती ज्या कल्याणच्या परिसरात होती त्याच परिसरात शेतकरीही होता. मग देवाला जे छप्पर मिळाले ते त्याला का मिळाले नाही?

पहिले उत्तर सुचते ते पावसाचे. पुलियात वर्षभरात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ठाण्यात सुमारे अडीच हजार, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. नैर्ऋत्येचा वारा पाऊस आडवा घेऊन येतो, तेव्हा भिंतीच्या प्रत्येक फटीतून झड आत घुसणार. कोरड्या दगडाच्या कोठडीत अशा रात्री काढण्यापेक्षा पळसाखाली बसलेले बरे. हे उत्तर पटण्यासारखे आहे, पण आयर्लंड ते पुरे पडू देत नाही. केरी परगण्याच्या किनाऱ्यावर वर्षातून दीड हजार मिलिमीटरच्या जवळपास पाऊस पडतो, अटलांटिकचा वारा आपल्या आषाढवाऱ्याहून सौम्य नाही, आणि तरीही तेथील समुद्रातल्या स्केलिग मायकेल या सुळक्यावर मध्ययुगीन ख्रिस्ती संन्याशांनी कोरड्या दगडांच्या सहा घुमटाकार कोठड्या बांधल्या, त्या आजतागायत उभ्या आहेत. त्याच परगण्यातील गॅलरस येथील प्रार्थनागृह उलट्या होडीच्या आकाराचे, नुसत्या दगडांचे, आणि आजही आत पाणी येत नाही. पाऊस अडचण निर्माण करतो, पण दगडाच्या झोपडीचा मार्ग तो बंद करीत नाही.

दुसरे उत्तर दगडाच्या स्वभावाचे, आणि त्यात तथ्य अधिक आहे. चुनखडी किंवा वालुकाश्म हा पाण्याखाली थराथराने साचलेला खडक. तो थरांतून सुटतो, आणि पहारीने उचकटला तरी हाती सपाट लादी येते. आत सरकत जाणाऱ्या छपराला नेमकी हीच सपाट, लांबट लादी हवी असते. बेसाल्ट मात्र वितळलेला रस थिजून झालेला. तो उन्हापावसाने झिजतो तेव्हा त्याच्या कडा प्रथम जातात, पृष्ठभाग पापुद्र्यांनी सोलपटत राहतो, आणि शेतात अखेर गोल, गुळगुळीत गोटा उरतो. गोट्यांची भिंत होते, छप्पर होत नाही. एकावर एक ठेवून आत सरकवू गेले की ते घसरतात. बेसाल्टच्या लाद्या हव्या असतील तर छिन्नी-हातोडा घेतलेला पाथरवट हवा, आणि पाथरवटाची मजुरी राजाला परवडते, कुळाला नाही. अंबरनाथ आणि शेतातली खोप यांच्यामधले अंतर बव्हंशी या एका छिन्नीचे आहे. कोकणात दक्षिणेकडे गेले की परिस्थिती बदलते. तेथे जांभा आहे, जो खाणीत मऊ असताना तासून चिरे काढता येतात आणि उघड्यावर हवा लागून घट्ट होतो, म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गात सामान्य माणसाच्या घराच्या भिंतीलाही चिरा दिसतो. ठाण्याकडे जांभा आहे तो माथेरानसारख्या माथ्यांवर. सखल खाचरांच्या मुलखात त्याचा उपयोग नाही.

तरी हेही उत्तर शेवटपर्यंत टिकत नाही, कारण दक्षिण सीरियातील हौरान आणि त्याला लागून असलेल्या जॉर्डनच्या वाळवंटी पट्ट्यात आपल्यासारखाच काळा बेसाल्ट आहे, आणि तेथे रोमन व बायझंटाइन काळात लोकांनी अख्खी गावे त्या बेसाल्टची बांधली. जॉर्डनमधील उम्म अल-जिमाल हे असेच गाव. 2024 मध्ये त्याची जागतिक वारसास्थळांत नोंद झाली. भिंतीतून दगडी तोडे आत काढायचे, त्यांवर बेसाल्टच्या लांब पट्ट्या टाकायच्या, अशी तेथली छपरे. काही घरांची दारेसुद्धा दगडाची. घडाईचे कष्ट त्यांनाही पडले असतीलच. त्यांनी ते सोसले, कारण त्या ओसाड प्रदेशात तुळईला झाड नव्हते. स्केलिगच्या सुळक्यावर तर वृक्षाचे नावच नाही. पुलियाच्या ऑलिव्हचे वाकडेतिकडे खोड तुळईच्या कामाचे नाही, आणि कामाचे असते तरी फळ देणारे झाड कोण तोडणार?

उत्तराचे खरे टोक येथे हाती लागते. दगडाची झोपडी ही दगडाच्या विपुलतेपेक्षा लाकडाच्या अभावातून जन्मते. आणि ठाणे-कल्याणच्या मुलखात लाकडाचा अभाव नव्हता. कॉस्मास या सहाव्या शतकातील ग्रीक लेखकाने पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत कल्याणचे नाव घेऊन तेथून जाणाऱ्या मालात लाकडाचा उल्लेख केला आहे. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यावर शिवाजी महाराजांनी या खाडीवर जहाजे बांधायला घेतली, त्यामागे मागच्या डोंगरातला साग होता. घरबांधणीला मात्र सागाहूनही उपयोगी पडली ती कारवी. सह्याद्रीच्या उतारांवर दाट माजणारे हे झुडूप सात-आठ वर्षांनी एकदाच सर्वत्र एकसमयावच्छेदे फुलते, बी धरते आणि वाळते. त्या सरळ, बोटाएवढ्या जाडीच्या काठ्या तोडून, उभ्या बांधून, त्यांवर दोन्ही बाजूंनी माती आणि शेणाचा गिलावा दिला की कुड तयार होतो. मेढी रोवाव्यात, आढे चढवावे, बांबूचे वासे टाकून वर गवत किंवा पेंढा शाकारावा. कुटुंबातल्या चार माणसांच्या थोड्या दिवसांच्या श्रमात घर उभे राहते, आणि त्यात मोलाने विकत आणायची वस्तू जवळजवळ नसते. वैशाखात पुन्हा शाकारणी करावी लागते, पश्चिमेच्या कुडाला झड लागू नये म्हणून बाहेरून झाप बांधावे लागतात, पण उतरत्या पाख्यांवरून अडीच हजार मिलिमीटर पाणी पागोळ्यांवाटे निमूट खाली जाते. हवा खेळती, भिंत हलकी. आणि कोरड्या दगडांच्या कपारीत विंचू आणि फुरसे यांच्या शेजारी अंथरूण घालण्याचा प्रसंग येत नाही. या शेवटच्या कारणाला वास्तुशास्त्राच्या ग्रंथांत स्थान नसेल. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्याला त्याचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

भातशेतीची घडीही दगडी झोपडी मागत नव्हती. प्रोव्हान्सचा शेतकरी गावापासून लांबच्या माळावर जाई, वादळात तेथेच अडके, मुक्काम करी. आपल्याकडे गाव खाचरांच्या कडेच्या उंचवट्यावर, हाकेच्या अंतरावर. शेतावर रात्र काढायची ती अश्विन-कार्तिकात, भात पोटरीतून बाहेर पडून पिकू लागल्यावर, डुकरे आणि पाखरे राखण्यासाठी, आणि तेव्हा चार खांबांचा उंच माळा खोपीपेक्षा बरा, कारण राखणदाराला दूरवर नजर टाकायची असते. ऐन पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, आसऱ्याला धावत जाण्याची सोयच नसते. दिवसभर वाकून चिखलात काम. त्यासाठी बांबूच्या कामट्या विणून त्यांत पाने घातलेले इरले पाठीवर आणि डोक्यावर घ्यायचे. म्हणजे छप्पर शेतकऱ्याबरोबर चालत असे. दगडाच्या जातीचा, पावसाच्या मिलिमीटरांचा कितीही हिशेब केला तरी इरल्याकडे दुर्लक्ष करून या प्रश्नाचा उलगडा पुरा होणार नाही, असे मला वाटते.

एक कारण उरते, ते जमिनीच्या हक्काचे. उत्तर कोकणात बरीचशी जमीन सावकार आणि जमीनदार यांच्या नावे आणि कसणारे हात कुळांचे अशी स्थिती दीर्घकाळ होती. डहाणू-तलासरीकडे तर वेठबिगारीविरुद्ध 1945 मध्ये वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली जो उठाव केला तो सर्वश्रुत आहे. ज्या जमिनीवरून मालक उद्या बेदखल करील, तेथे कायमचे घर कोण बांधील? 1948 चा कूळकायदा आणि त्याखाली 1 एप्रिल 1957 रोजी आलेला कृषकदिन यांपूर्वीच्या काळाला हा प्रश्न नेमका लागू पडतो. तरी या कारणाला मी शेवटची जागा देतो. कारण आल्बेरोबेल्लोच्या रयतेचाही हक्क असाच अधांतरी होता, आणि त्या अस्थिरतेतून तेथे दगडाची झोपडी निघाली, येथे गवताची. अस्थिरता सारखी, सामान वेगळे.

गवताच्या घराचे पुढे काय झाले, हेही नोंदवण्यासारखे आहे. 1878 च्या जंगल कायद्यानंतर सरकारने राखीव जंगलाच्या सरहद्दी आखल्या, तेव्हा घराचे वासे, शाकारणीचे गवत आणि राबासाठी लागणारी टहाळ या सर्वांवर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला 1885 मध्ये चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. लाकूड दुर्मिळ झाले, म्हणून आता तरी शेतकरी दगडाकडे वळला असेल, अशी वरील तर्कानुसार अपेक्षा होते. तो वळला नाही, कारण त्याच सुमारास दुसरी वस्तू बाजारात आली होती: बाझेल मिशनने 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि गलबतांतून किनाऱ्याने ती लाल कौले कोकणभर पसरली. पुढे पत्रा आला. दगडाच्या छपराची वेळ आलीच नाही.

याच डोंगरांत दगडात कायमचा निवारा करून राहिलेले एक मंडळ होते, पण त्यांनी दगड रचला नाही. येऊरच्या पलीकडे, त्याच डोंगराच्या पोटात, कान्हेरीला बौद्ध भिक्षूंनी इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासपासून दहाव्या शतकापर्यंत शंभरावर लेणी खोदली. जो खडक लादीच्या रूपाने सुटत नाही, फोडला तर ओबडधोबड निघतो, पण अखंड उभा असतो तेथे फार भक्कम असतो, त्यातून घर काढण्याचा शहाणपणाचा मार्ग म्हणजे बांधण्याऐवजी कोरणे. पश्चिम महाराष्ट्रात एवढी लेणी का, याच्या अनेक कारणांपैकी बेसाल्टचा हा स्वभाव एक आहे.

शेतकऱ्याच्या वाट्याला राहिला तो गडगा, आणि गडग्याकडे हीन दृष्टीने पाहण्याचे कारण नाही. नुसते दगड एकावर एक टाकले की गडगा होत नाही. जमीन हात-दीड हात उकरून घट्ट थरावर सर्वांत मोठे धोंडे बसवायचे. मग दोन्ही अंगांनी दोन दर्शनी रांगा एकाच वेळी वर न्यायच्या, मध्ये बारीक दगडांची भर ठासायची, आणि दर थोड्या अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड आडवा टाकायचा, नाहीतर दोन्ही दर्शनी अंगे पोट फुगून सुटी होतात. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. दगडाची लांब बाजू भिंतीत जाईल अशी ठेवायची, दिसायला चांगली म्हणून बाहेर काढायची नाही. डुगडुगणाऱ्या दगडाखाली चिपा मारून तो स्थिर करायचा. आणि वर जाताना दोन्ही बाजूंनी भिंत आत झुकवत न्यायची. कमरेएवढ्या उंचीच्या, दोन फूट रुंदीच्या गडग्याच्या दर मीटरला सव्वा टनाच्या आसपास दगड लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे डोंगराच्या कडेने गेलेल्या शे-दोनशे मीटर गडग्यात किती ओझी वाहिली गेली याची कल्पना येते. गडगा सहसा कुटुंबानेच रचला. मोठे धोंडे फोडायचे किंवा गाड्याने आणायचे काम असेल तेव्हा वडार बोलावले जात, ज्यांच्यात गाडी वडार दगड वाहणारे, माती वडार मातीकामाचे आणि पाथरवट घडाईचे, अशी वाटणी होती.

महसूलखात्याच्या दृष्टीने गडगा म्हणजे हद्द. मोजणीच्या वेळी गटाच्या सीमेवर तो असला की मोजणीदाराचे काम सोपे, आणि सरकवला गेला तर भावाभावांत दावा; हद्दीच्या खुणा बुजवणे किंवा हलवणे जमीन महसूल संहितेनुसार आजही दंडास पात्र आहे. शेतीच्या दृष्टीने त्याचा गुण निराळा. उतारावरच्या वरकस जमिनीत माती अडवायची असते, पण पाणी कोंडायचे नसते. कोंडले तर मागच्या भिजलेल्या मातीचा आणि पाण्याचा मिळून दाब कोणतीही भिंत आडवी करतो. कोरड्या बांधात माती अडते आणि पाणी प्रत्येक फटीतून वाट काढून जाते, त्यामुळे पाण्याचा दाब साचतच नाही. एखादा दगड निसटला तर पावसाळा सरल्यावर तेवढाच बसवायचा. खाचराचे गणित याच्या उलट. तेथे पाणी कोंडायचेच असते, म्हणून खाचराचा बांध चिखलाचा, चोपून चोपून घट्ट केलेला. एकाच शेतकऱ्याच्या शेतात वरच्या अंगाला गळणारा बांध आणि खालच्या अंगाला न गळणारा, हे पाहिले की अडाणी हे विशेषण वापरताना हात आखडावा लागतो.

सरकारदरबारी ही विद्या उशिरा, पण शेवटी पोचली. 1942 च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्याने समतल बांधांच्या कामाला कायद्याचे अधिष्ठान दिले, आणि पुढे रोजगार हमीच्या कामांत व पाणलोट विकासाच्या कार्यक्रमांत ओघळींवर आडवे घातले जाणारे अनघड दगडी बांध नेहमीचे झाले. अनघड हा शब्द अंदाजपत्रकात कोरडा वाटतो, पण त्याचा अर्थ छिन्नी न लागलेला, गोटाच, जागेवरच मिळालेला, एवढाच आहे. घाटरस्त्यांच्या कडेला आता हेच गोटे तारेच्या जाळीच्या पेट्यांत भरून एकावर एक रचतात. गोल बेसाल्टला घसरू न देण्याचे जे काम हाताच्या कौशल्यावर होते ते जाळीवर सोपवलेले, बाकी रचना तीच. दोन्ही मानपाड्यांच्या आसपास डोंगर कापून जे नवे रस्ते आणि आवारे झाली, तेथे बहुधा काँक्रिटच्या भिंती दिसतात, आणि अशा प्रत्येक भिंतीत खालून हातभर उंचीपासून ओळीने पाइपाचे तुकडे बसवून भोके ठेवलेली असतात, मागचे पाणी निघून जावे म्हणून. ती मातीने किंवा प्लास्टिकने बुजली, तर भिंतीमागे पाणी साचते आणि मुसळधार पावसात कधी ना कधी भिंत कोसळते. म्हणून जूनच्या आधी ती भोके सळईने उकरून मोकळी करावी लागतात.